पीएचडीला अर्ज करताना: नेट-जेआरएफ, गेट की प्रोजेक्टमधली जागा?

ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्याला संस्थांची वानवा नाही. पवईला आयआयटी, माटुंग्याला रसायन तंत्रज्ञानाची आयसीटी, खारघरला कर्करोग संशोधनाचं ॲक्ट्रेक, नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था. लोकलने जाऊन-येऊन जमेल अशी ही ठिकाणं. त्यामुळे चर्चा संस्थेच्या नावावरच अडते. आमच्या मते आधी बघावं ते, दरमहा पैसे कोण देणार आणि ते किती वर्षं.

नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा, आणि तिच्यातून मिळणारी संशोधनाची फेलोशिप म्हणजे जेआरएफ. नेट-जेआरएफमध्ये फेलोशिप तुमच्या नावावर असते. 2023 पासून महिना 37,000 रुपये, दोन वर्षांनी मूल्यमापन होऊन 42,000, एकूण पाच वर्षं. घरभाडे भत्ता वेगळा, पण वसतिगृहात खोली घेतली तर तो नाही. गाइडकडे निधी नसला तरी तो तुम्हाला घेऊ शकतो, ही याची खरी ताकद. दोन अडचणी मात्र आहेत. सीएसआयआरच्या (केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या) नेटमध्ये विज्ञानाचे पाचच विषय आहेत. मेकॅनिकल, सिव्हिलवाल्यांना ही वाट नाही. शिवाय 2024 पासून नेटच्या निकालात 'फक्त पीएचडीसाठी पात्र' असाही गट असतो. त्यात प्रवेशाची पात्रता मिळते, तीही एकच वर्ष. पैसे मिळत नाहीत. निकालात नुसतं 'पात्र' वाचून पेढे वाटू नका, गट बघा.

गेट ही मुख्यतः इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठीची परीक्षा वर्षातून एकदा, फेब्रुवारीत होते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. नुसत्या स्कोअरवर पैसे सुरू होत नाहीत. तो मुलाखतीपर्यंत नेतो. तिथे निवड झाली तर आयआयटीत टीचिंग असिस्टंटशिप मिळते. रक्कम जेआरएफइतकीच, बदल्यात ट्यूटोरियल, लॅब, पेपर तपासणी. संस्था सोडली की पैसेही गेले. मुलाखतीत पदवीच्या दोन-तीन विषयांचा पाया खणून विचारतात, तेव्हा रिसर्च प्रपोजल घोकण्यापेक्षा ते विषय पक्के करा. आयआयटी मुंबईत जुलैबरोबर जानेवारीचाही प्रवेश असतो. विद्यापीठाचा निकाल लांबला तर तो कामी येतो.

प्रोजेक्टमधली जागा, म्हणजे गाइडच्या संशोधन प्रकल्पातली पगारी नेमणूक, सर्वांत लवकर मिळते आणि सर्वांत जास्त फसगत इथेच होते. केंद्राच्या 2020 च्या दरांत प्रोजेक्ट असोसिएट-1 ला नेट किंवा गेट असेल तर 31,000, नसेल तर 25,000, अधिक घरभाडे भत्ता असं होतं. पण नेमणुकीचं पत्र म्हणजे पीएचडीची नोंदणी नव्हे. मुंबई विद्यापीठात नोंदणीसाठी पेट ही पीएचडी प्रवेश परीक्षा द्यावी लागते किंवा तिच्यातून सूट असावी लागते. प्रोजेक्ट साधारण तीन वर्षांचा. दुसऱ्या वर्षी रुजू झालात तर हातात निम्माच काळ उरतो. म्हणून रुजू होण्याआधी गाइडला सरळ विचारा: प्रोजेक्ट संपण्याची तारीख कोणती, या पदावर असताना नोंदणी करता येते का, आणि नंतरचा पगार कुठून? उत्तर गुळमुळीत आलं तर थांबा.

विज्ञानवाल्यांनी नेट-जेआरएफला पहिला मान द्यावा, इंजिनिअरिंगवाल्यांनी गेटला. प्रोजेक्ट एखाद्या वर्षाचा पूल म्हणून चांगला: उपकरणांवर हात बसतो, तयारीही चालू राहते.

बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी आधी पीएचडीची नोंदणी लागते, आणि जाहिरात ठरावीक महिन्यात येईलच असं नाही. त्या भरवशावर नोकरी सोडू नका. ओबीसी उमेदवारांनी आणखी एक सांभाळावं: आयआयटीला आणि सीएसआयआरला नॉन-क्रीमी लेयर दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. कॉलेज प्रवेशाला काढलेला राज्याचा दाखला तिथे चालत नाही. तो कोणत्या आर्थिक वर्षातला हवा हे जाहिरातीत बघून तहसील कार्यालयात महिनाभर आधीच अर्ज टाका.