बंद दाराआड की भर चौकात?

युद्धाचे नियम सरकारांच्या गळी उतरवायचे दोन रस्ते. जिनिव्हाच्या रेड क्रॉस समितीचा रस्ता बंद दाराआडचा: युद्धकैद्यांना भेटायचं, जे दिसलं ते त्याच सरकारच्या कानावर घालायचं, बाहेर सहसा ब्र काढायचा नाही. म्हणून तर तुरुंगाची दारं उघडतात. जखमी सैनिक, युद्धकैदी आणि नागरिक यांना जपणाऱ्या 1949 च्या चार जिनिव्हा करारांचे मसुदे तिच्याच पुढाकाराने तयार झाले. आज जगातले सगळे देश त्यांत आहेत. चाल मात्र बैलगाडीची.

दुसरा रस्ता भूसुरुंगबंदी मोहिमेचा, सरळ बोंब ठोकण्याचा. 1992 मध्ये सहा संस्था एकत्र आल्या. 1995 मध्ये पॅरिसात, सुरुंगांनी पाय गेलेल्यांची आठवण म्हणून, लोकांनी आणून टाकलेल्या चपला-बुटांचा डोंगर रचला गेला. डिसेंबर 1997 मध्ये भूसुरुंगांवर बंदी घालणाऱ्या ओटावा करारावर सह्या, त्याच वर्षी मोहिमेला शांततेचं नोबेल. पाच वर्षांत! पण अमेरिका, रशिया, चीन बाहेरच, आपला भारतही. 2025 मध्ये तर फिनलंड, पोलंड आणि तिन्ही बाल्टिक देशांनी काढता पाय घेतला.

मग पहिलाच रस्ता बरा? मला तसं वाटत नाही. सुरुंगांच्या बाबतीत खुद्द समितीनेच 1994 मध्ये मौन सोडून उघडपणे बंदी मागितली. तिचे शल्यविशारद रोज तेच पाहत आणि नोंदवत होते: एक पाय उडालेला, दुसऱ्यात माती, गवत आणि बुटाचे तुकडे घुसलेले. त्या नोंदींशिवाय चौकातल्या घोषणांना धार आली नसती.