कल्चरची पुडी की युरिया?

औशाचा मावसभाऊ विचारत होता, गंजीतल्या जुन्या कडब्यावर मुरघासाचं (हिरवा चारा हवाबंद दाबून मुरवतात, तो मुरघास) कल्चर मारू की युरिया?

कल्चरमधले जिवाणू साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, त्यानं चारा टिकतो. दाणे चिकात आलेल्या, हिरव्या मक्यात साखर असते. वाळल्या कडब्यात ती कितीशी? पुडीवरचं चित्र मात्र हिरवंगार.

युरियाचं तसं नाही. 100 किलो कुट्टीला, म्हणजे बारीक तोडलेल्या कडब्याला, 4 किलो युरिया, 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा आणि ताडपत्रीखाली 21 दिवस दाबून ठेवायचं. युरियाचा अमोनिया करतात तेही जिवाणूच, चाऱ्यावरचे, फुकटचे. त्यानं तंतू सैल होतात, नत्र वाढतं. उघडताना डोळे झोंबतात, म्हणून वारा लागू देऊनच गव्हाणीत टाकायचं. सहा महिन्यांखालच्या वासरांना अजिबात नाही.

खर्चात पुडी किरकोळ, पण मुरघासाला मका हवा, मक्याला पाणी. उन्हाळ्यात आपल्याकडं तेच नसतं. मेहनत दोन्हीकडं सारखीच; युरियात माप चुकलं तर जनावर जातं.

विहिरीला पाणी आणि दुभती जनावरं असतील तर मुरघास, कल्चरसह. नुसता कडबा आणि बैलं असतील तर युरिया. बुरशी आलेला कडबा उकिरड्यावर.