देहबोलीवरून खोटे ओळखण्याची कार्यशाळा, जळगाव: सकाळ वाया, दुपार मोलाची

समोरचा माणूस खोटे बोलतो आहे, हे त्याच्या हालचालींवरून कसे ओळखावे, या विषयावर जळगावात अधूनमधून एक दिवसाची कार्यशाळा भरते. मी पतसंस्थेच्या कर्ज विभागात काम करतो; अर्जदाराने सांगितलेले उत्पन्न आणि त्याचे खरे उत्पन्न यांतील अंतर शोधण्यात आमचा निम्मा वेळ जात असल्यामुळे मी तीत नाव नोंदवले. शुल्क अठराशे रुपये असून त्यात पुस्तिका, चहा आणि जेवण धरलेले आहे. सहभागींमध्ये सराफ बाजारातील विक्रेते, केळीचे व्यापारी, काही शिक्षक आणि आमच्यासारखे वसुलीची कामे करणारे लोक होते.

सकाळच्या सत्राचा आरंभच चुकीच्या विधानाने झाला. संवादातील ९३ टक्के अर्थ शब्दांवाचून पोहोचतो, असे प्रशिक्षकांनी फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिले. हा आकडा मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांतून आला आहे. त्या प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून आणि चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून, बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, एवढेच श्रोत्यांना विचारले होते. भावना आणि आवडनिवड यांपलीकडच्या बोलण्याला हे सूत्र लागू होत नाही, असे मेहराबियन यांनी स्वतःच पुढे स्पष्ट केले. शेतकरी आपल्या केळीच्या कांदेबागेत किती खोडे आहेत हे सांगत असेल, तर ती माहिती शब्दांतच असते. तिचा ९३ टक्के भाग भुवयांत शोधण्यात अर्थ नाही.

त्यानंतर खुणांची यादी आली: नजर चुकवणे, नाकाला हात लावणे, हाताची घडी घालणे, अडखळणे, पाय हलवत राहणे. यांपैकी नजर चुकवण्याची खूण जगभर सर्वांत लोकप्रिय आहे. ५८ देशांत विचारणा केली, तेव्हा खोटे बोलणारा डोळ्याला डोळा देत नाही, हेच उत्तर सर्वाधिक वेळा मिळाले. तथापि मानसशास्त्रज्ञ बेला डीपाउलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा १५८ खुणांवरील संशोधन एकत्र तपासले, त्यात बहुतेक खुणांचा खोटेपणाशी संबंध एक तर नव्हता किंवा अगदी क्षीण होता. नजरेचाही ठोस संबंध आढळला नाही. आमच्या भागात तर वडीलधाऱ्यांसमोर किंवा साहेबासमोर मान खाली घालून बोलणे ही रीत समजली जाते. ही यादी घेऊन कोणी कर्जदारांसमोर बसला, तर सभ्य माणसे तेवढी लबाड ठरतील.

यादीचा हा दोष सभागृहातच दिसला. एकेकाने पुढे येऊन प्रसंग सांगायचा आणि तो खरा की रचलेला हे इतरांनी ओळखायचे, असा सराव होता. अमळनेरकडच्या एका तरुणाने विहिरीवरील मोटार चोरीला गेल्याची हकिगत सांगितली. तो मध्येच थांबत होता, शब्द बदलत होता, छताकडे पाहत होता. जवळजवळ सर्वांनी ती खोटी ठरवली आणि प्रशिक्षकांनी त्याच्या प्रत्येक विरामाची नोंद फलकावर करून आपला सिद्धान्त पटवून दिला. हकिगत खरी होती. चहाच्या वेळी त्याने तीच गोष्ट आपल्या सोबत्याला अहिराणीत सांगितली तेव्हा कुठेही अडखळला नाही. सभेत प्रमाण मराठीत बोलण्याचा ताण तेवढा त्याच्या अंगावर आला होता. अहिराणी, लेवा गणबोली, पावरी किंवा भिलोरी घरी बोलणाऱ्या माणसांशी रोज व्यवहार करणाऱ्या जिल्ह्यात हा मुद्दा कार्यशाळेच्या पहिल्याच तासाला यायला हवा होता. तो पुस्तिकेतही नाही.

इतर प्रसंगांबाबतचे आमचे अंदाजही नाणेफेकीपेक्षा फारसे सरस नव्हते. प्रशिक्षकांनी त्याचे खापर सरावाच्या अभावावर फोडले, ते मला पटले नाही. चार्ल्स बॉंड आणि डीपाउलो यांनी २००६ मध्ये २४ हजारांहून अधिक परीक्षकांच्या निर्णयांचा आढावा घेतला. बरोबर ओळखण्याचे सरासरी प्रमाण ५४ टक्के निघाले. त्याआधी १९९१ मध्ये पॉल एकमन आणि मॉरीन ओसलिव्हन यांनी न्यायाधीश, पोलीस, मानसोपचारतज्ज्ञ अशा गटांना चित्रफिती दाखवल्या होत्या. अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसचे (राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षा दलाचे) लोक सोडले तर एकाही गटाला निव्वळ अंदाजापेक्षा सरस कामगिरी करता आली नाही. ज्यांचा आयुष्यभराचा सरावच हा आहे, त्यांची ही स्थिती.

जेवणातील भरीत आणि कळण्याची भाकरी उत्तम होती, त्याबद्दल तक्रार नाही.

दुपारच्या सत्रात तेच प्रशिक्षक वेगळेच माणूस वाटावेत इतके नेमके बोलले. विषय होता प्रश्न कसे विचारावेत. समोरच्याला आधी अखंड बोलू द्यावे; मग पडताळून पाहता येईल असा तपशील मागावा; घटना शेवटून सुरुवातीकडे सांगायला लावावी; ज्याची तयारी केलेली नसेल असा साधा प्रश्न मध्येच विचारावा. ऑल्डर्ट व्रे यांच्यासारख्या संशोधकांनी हीच दिशा धरली आहे: रचलेली गोष्ट सांभाळण्यात बुद्धीवर अधिक भार पडतो, तो वाढवला की विसंगती शब्दांतच उघडी पडते. केळीच्या एका व्यापाऱ्याने यावर चांगली भर घातली. माल हलका आहे असे कोणी म्हटले, तर त्याचा चेहरा न वाचता घड दाखवायला सांगावा, त्या दिवशीचा जाहीर भाव पाहावा आणि वजनकाट्याची पावती मागावी, असे त्याचे म्हणणे होते. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवणारे दलाल चेहऱ्यावर काही उमटू देत नाहीत. म्हणून जाणता गिऱ्हाईक दलालाकडे न पाहता बैलाचे दात पाहतो आणि त्याला चालवून घेतो. या सत्रानंतर मी अर्जदारांना मागील हंगामातील विक्री शेवटच्या पट्टीपासून (विक्रीच्या हिशोबाच्या पावतीपासून) मागे सांगायला लावू लागलो आहे, आणि कागदांशी ताळा घेणे त्यामुळे सोपे झाले आहे.

एका गोष्टीबद्दल मात्र आयोजकांना स्पष्टपणे सांगितले पाहिजे. दुकानातील चोरीचा संशय नोकरावर असल्यास काय करावे, असे एका विक्रेत्याने विचारले, तेव्हा सकाळच्या खुणांवरून ‘निष्कर्ष काढण्याचा’ सल्ला देण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात पॉलिग्राफसारखी, म्हणजे खोटे पकडण्यासाठी यंत्राने घेतली जाणारी, चाचणीसुद्धा संमतीशिवाय करता येणार नाही असा निर्णय दिला आणि संमतीने केलेल्या चाचणीचा निकालही जसाच्या तसा पुरावा मानला नाही. जिथे यंत्राची ही गत, तिथे नाक खाजवले म्हणून एखाद्याची रोजी जाऊ नये.

ज्यांना वसुली, कर्जवाटप, खरेदी किंवा शाळेतील चौकशीचे काम करावे लागते, त्यांनी दुपारच्या सत्रासाठी जाण्यास हरकत नाही. करमणूक म्हणून सकाळ बसून काढता येते, पण त्यासाठी अठराशे रुपये जास्त आहेत. नाव नोंदवताना दुपारचे सत्र पूर्ण वेळ होईल का, हे आधी विचारून घ्यावे; आमच्या वेळी सकाळचे भाषण लांबल्यामुळे ते आखडते घ्यावे लागले आणि प्रश्न विचारण्याचा प्रत्यक्ष सराव निम्म्या लोकांच्या वाट्याला आलाच नाही.