दहा महिने, सात हजारांची मॅन्युअल लेन्स आणि नसलेला एक छर्रा

मार्चमधे लेन्सची फोकस रिंग हातात खुळखुळायला लागली त्याच रात्री मी तावातावाने हे लिहायला घेतलं होतं आणि वर मोठ्या अक्षरांत 'घेऊ नका' असं लिहून ठेवलं होतं. आता जुलै संपत आला. या दहा महिन्यांत मत दोनदा फिरलं. जसं फिरलं तसंच सांगतो, म्हणजे कुठे राग बोलतोय आणि कुठे अनुभव, ते तुमचं तुम्हाला कळेल.

कॅमेरा सोनी ए६०००, सेकंडहँड. लेन्स ३५ एमएम एफ/१.४ (एफचा आकडा लहान तेवढं उजेडाचं भोक, म्हणजे अपर्चर, मोठं), पूर्ण मॅन्युअल, म्हणजे सगळं हाताने फिरवायचं, चिनी. दिवाळीच्या सेलमधे ७,२०० रुपयांना घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एका नगाच्या दुखण्यावरून अख्ख्या कंपनीला बोल लावणं बरं नाही, आणि या किमतीतल्या लेन्सांचे गुणदोष तसेही बहिणी-बहिणींसारखे असतात. याच फोकल लेन्थची सोनीची ऑटोफोकस लेन्स, तीही एफ/१.८, मी बघितली तेव्हा तिशीच्या पुढे होती. आमच्या घरात तीस हजार म्हणजे पाण्याची नवी टाकी आणि तिच्याखालचा चौथरा. तुलना तिथेच संपली.

एवढी फास्ट, म्हणजे भरपूर उजेड घेणारी, लेन्स हवी कशाला, तर दशावतारासाठी. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की आमच्या सिंधुदुर्गात रोज रात्री कुठल्या ना कुठल्या देवळापुढे नाटक उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. उजेड म्हणजे दोन ट्यूबा, एखादा एलईडी फोकस, बाकी काळोख. कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स ३५ एमएमवर जाईपर्यंत एफ/५च्या आसपास पोचलेली असते. एफ/५ आणि एफ/१.४ यांत उजेडाचा फरक बारा पटींहून जास्त. आयएसओ (काळोखात कॅमेरा चित्र उजळवतो तो आकडा, वाढला की दाणे येतात) ६४००ला जे चेहरे रवा शिंपडल्यासारखे यायचे, ते ५००ला यायला लागले. हा एकच मुद्दा लेन्सचे पैसे वसूल करतो, हे 'घेऊ नका' लिहितानाही मला माहीत होतं.

पहिल्या संध्याकाळी मात्र शटरच पडेना. अर्धा तास घाम फुटला. मग मेनूत खोलवर 'रिलीज विदाउट लेन्स' सापडलं, ते चालू केलं. लेन्सवर एकही इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट नाही, त्यामुळे कॅमेऱ्याच्या लेखी लेन्स लावलेलीच नाही. आणखी एक: रिंग फिरवली की चित्र आपोआप मोठं होतं ती सोय या लेन्सला मिळत नाही. 'फोकस मॅग्निफायर' एखाद्या बटणाला नेमून ठेवावा लागतो. मी सी१ला ठेवलाय. नवीन माणसाने ही दोन कामं घरी करून मग बाहेर पडावं.

पहिल्या जत्रेत ३१२ फोटो काढले. धड आले १९. आकडा लाजिरवाणा आहे, पण खरा आहे. तीन मीटरवर एफ/१.४ला शार्प पट्टा मिळतो जेमतेम हातभर, आणि राक्षस पार्टीचा नट एका गिरकीत दीड हात पुढे येतो. त्यात फोकस पीकिंगवर मी देवासारखा विश्वास ठेवला. पीकिंग म्हणजे कॅमेरा ठळक कडा शोधून रंगवतो, एवढंच. मुकुटावरच्या टिकल्या-खड्यांवर तो दिवाळी साजरी करतो, आणि काळ्या कपड्यांतला संकासुर आला की त्याला काहीच दिसत नाही. पीकिंग 'हाय'वर ठेवलं तर अर्धा माणूस रंगतो आणि सगळंच फोकसमधे आहे असं वाटतं. 'लो'वर ठेवा, आणि रंग लाल नको, पिवळा. लाल शेल्यावर लाल पीकिंग शोधत बसायचं का?

जानेवारीपर्यंत हात बसला. मग मी रिंग फिरवायचंच सोडलं. एक अंतर लावून ठेवायचं आणि नट त्या अंतरावर आला की दाबायचं. दशावतारात रंगमंचावर असतं काय, तर एक बाकडं. नट फिरून फिरून त्या बाकड्याशी येतो, बसतो, एक पाय वर घेतो. बाकड्यावर फोकस लावला की निम्मं काम झालं. शटर १/१००. ट्यूबचा उजेड आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, त्यामुळे १/२५०ला गेलं की एक फोटो पिवळट आणि दुसरा हिरवट येतो. हा लेन्सचा दोष नव्हे. मी मात्र महिनाभर तिच्यावरच राग काढला.

त्याच महिन्यात पहिल्यांदा मत फिरलं. नाटकाआधी देवळाशेजारच्या खोलीत नाटक कंपनीची माणसं पेटारे उघडून रंगायला बसतात. स्त्रीपार्टी करणारे एक पन्नाशीचे गृहस्थ भिंतीला टेकून, डाव्या हातात तळहाताएवढा आरसा धरून, उजव्या हाताच्या करंगळीने डोळ्याची काजळरेघ कानाकडे ओढत होते. डोक्यावर एक पिवळा बल्ब. मी मीटरभरावर उकिडवा बसलो. एवढ्या जवळून एफ/१.४ला पट्टा उरतो चार-साडेचार सेंटिमीटरचा. डोळा धरला की कान गेला. रिंगला हात न लावता, श्वास धरून, स्वतःच बोटभर पुढेमागे झुललो. आरशातला डोळा शार्प आला, खरा चेहरा विरघळला, आणि बल्ब मागे मोसंब्याएवढा गोल झाला. ते फोटो बघून म्हणाले, ''माका ह्यो होयो.'' मोठा करून, फ्रेम करून नेऊन दिला. सात हजारांत याच्या वर काय मागायचं?

आता छर्रा.

या लेन्सच्या अपर्चर रिंगला क्लिक नाही, कारण क्लिक देणारा छर्राच आत नाही. रिंग लोण्यातून सुरी फिरावी तशी १.४पासून १६पर्यंत फिरते. व्हिडिओवाल्यांना तसंच हवं असतं, उजेड हळूहळू बदलता येतो आणि कटकट आवाज होत नाही. मान्य. पण मी व्हिडिओ काढत नाही, आणि लेन्स घेणाऱ्या किती जणांना तो काढायचा असतो? फोटोवाल्याला क्लिक म्हणजे अंधारात बोटांना मिळणारी खूण. क्लिक नसली की रिंग पिशवीच्या चेनला घासते, अंगठ्याने सरकते, आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

फेब्रुवारीतल्या एका जत्रेत माझा हात इतका छान लागला की मी स्वतःवरच खूश. पीकिंग भरभरून चमकतंय, दहातले सात फोटो शार्प. घरी येऊन संगणकावर बघतो तर सगळीकडे पीठ सांडलेलं. एक्झिफमधे, म्हणजे फोटोसोबत साठवलेल्या नोंदीत, अपर्चरच्या जागी नुसत्या रेघा, कारण लेन्स कॅमेऱ्याशी बोलतच नाही. शेवटी आयएसओवरून हिशोब लावला: नेहमीच्या ५००च्या जागी ४०००. आठपट, म्हणजे तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). रिंग गाडीवरच सरकून एफ/४वर गेली होती. व्ह्यूफाइंडरमधे कळायला मार्ग नाही, कारण ऑटो आयएसओ चित्र आपलं उजळून दाखवतो. आणि मी ज्याला हात बसणं समजत होतो तो एफ/४चा जाड पट्टा होता! गर्व उतरला तो उतरलाच, वर अख्खी रात्र गेली.

त्या दिवसापासून रिंगवर मेथीच्या जुडीचा रबर आहे. दोन वेढे, थोडा अपर्चर रिंगवर, थोडा बाजूच्या न हलणाऱ्या पट्टीवर. बायको म्हणते, ''सात हजारांची वस्तू आणि वर भाजीचा रबर, चारचौघांत काढू नका.'' मी काढतो.

मार्चमधे फोकस रिंग सैल झाली. आमच्याकडच्या रस्त्यांवरून पाच महिने गाडीच्या डिकीत लेन्स फिरवल्यावर दुसरं काय होणार, हे आज म्हणतो. तेव्हा विक्रेत्याला तीन मेल केले. आधी फोटो मागितले, मग व्हिडिओ मागितला, मग बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ मागितला. पाच महिन्यांनी! शेवटी उत्तर आलं की हे 'वापरामुळे झालेलं नुकसान' आहे. लेन्स वापरली ही माझी चूक. मुंबईला पाठवली तर तपासणीचेच बाराशे, कुरिअर वेगळं. 'घेऊ नका' त्या रात्रीचं.

मग सहज म्हणून बाजारातल्या घड्याळवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, रिंग फिरवून बघितली आणि विचारलं, ''ह्येच्यात सेल खंय?'' सेल नाही म्हटल्यावर खूश झाले. रबराच्या पट्टीशेजारी तीन बारीक, डोकं नसलेले स्क्रू होते. तिन्ही ढिले, त्यातला एक तर अर्धा बाहेर. फोकस रिंग आतल्या आट्यांच्या नळीवर या तिघांच्याच जिवावर बसलेली असते. ते घट्ट करणं दोन मिनिटांचं काम, पण रिंग सरकल्यामुळे इन्फिनिटी, म्हणजे खूप लांबच्या वस्तूवरचा फोकस, गेली होती. ती लावायला संध्याकाळपर्यंत थांबलो. काळोख पडल्यावर दुकानाच्या पायरीवरून मोबाईल टॉवरचा लाल दिवा धरला, कॅमेऱ्यात चित्र मोठं केलं, आणि दिवा टाचणीएवढा बारीक होईपर्यंत मी नळी फिरवली. मी ''बस'' म्हटल्यावर त्यांनी रिंगवरची आडव्या आठची खूण रेघेसमोर आणून तिन्ही स्क्रू आवळले आणि वर नेलपॉलिशचा एकेक थेंब सोडला. पुन्हा ढिले होऊ नयेत म्हणून. नेलपॉलिश आमच्या घरची, गुलाबी. मजुरी शंभर रुपये.

दुसऱ्यांदा मत फिरलं ते या पायरीवर. ऑटोफोकस लेन्सची मोटर गेली असती तर कुडाळात कोण हात लावणार होतं?

रबर बघून त्यांनी कारण विचारलं. रिंग फिरवून बघितली आणि म्हणाले, ''छर्रो घालूक इसारले रे ते.'' क्लिकला लागतं काय, तर मोहरीएवढा एक छर्रा, त्याच्यामागे स्प्रिंग आणि रिंगच्या आतून सात-आठ खाचा. मी तिथे उभा राहून हिशोब केला. सात हजारांच्या वस्तूत पाच-दहा रुपयांचा ऐवज वाचवलाय.

बाकीचं भराभर सांगतो. एफ/१.४ला दागिन्यांच्या चमकत्या कडांना जांभळी किनार येते, एफ/२.८ला जाते. समोर फोकसचा दिवा आला की चित्र धुरकट होतं, स्वस्तातला हूड लावल्यावर बरंच सुधारतं. कोपरे मऊ आहेत, पण रात्रीच्या नाटकात कोपऱ्यात काळोखच असतो. उन्हात एफ/८ला आणून साडेसात-आठ मीटरवर फोकस लावला की चार मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं शार्प, मग जत्रेची दुकानं ऑटोफोकसपेक्षा झटकन टिपता येतात. पावसाळ्यात बुरशीची भीती खरी आहे. माझी लेन्स सध्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रतामापकासोबत असते. काटा साठच्या खाली ठेवायचा. तांदळात ठेवू नका, पीठ आत जातं.

घ्यायचीच झाली तर माझ्या रागालोभाने शिकवलेलं एवढंच. एफ/१.२ आणि एफ/०.९५च्या मोहात पडू नका. १.४ आणि १.२मधे अर्धाही स्टॉप नाही, आणि ०.९५ला मीटरभरावर पट्टा उरतो तीन सेंटिमीटर. तेवढ्यात नाक बसतं. फोकस रिंगचा फेरा लांब असलेली घ्या. पाव फेऱ्यात सगळं उरकणारी रिंग माणसाच्या अंतरावर केसाएवढी हलली तरी डोळा निसटतो. आणि क्लिक आहे का ते विचारा. आधी विचारा. जाहिरातीत 'क्लिकलेस' हा शब्द गुण म्हणून छापलेला असतो, तिथे सावध व्हा.

जुन्या लेन्सचं काय, असं कुणी विचारेलच. एका मित्राकडे सोव्हिएत बनावटीची हेलिओस ४४-२ आहे, ५८ एमएम एफ/२. तिचा स्क्रूचा एम४२ माउंट (लेन्स कॅमेऱ्याला बसते तो सांधा) सेन्सरपासून ४५.४६ मिलिमीटरवर बसायला हवा आणि सोनीचा ई-माउंट १८वर, म्हणून मधे साडेसत्तावीस मिलिमीटरची पोकळ नळी लागते. उद्या फुजी घेतला तर फक्त नळी बदलायची. माझी लेन्स मात्र जन्मभर सोनीचीच. पण ए६०००च्या लहान सेन्सरवर हेलिओस ८७ एमएमसारखी दिसते, देवळाच्या गर्दीत मागे सरकायला जागा नसते, आणि एक पूर्ण स्टॉप हातचा जातो. म्हणून घेतली नाही. मात्र तिला अपर्चरच्या दोन रिंगा आहेत. एक क्लिकवाली, कुठवर बंद व्हायचं ते ठरवणारी, आणि दुसरी मोकळी, उघडून फोकस करायचा आणि मग अडेपर्यंत फिरवायची. इतक्या जुन्या लेन्समधे दोन्ही पंथांची सोय, आणि आमच्याकडे मेथीचा रबर.

मागच्या मंगळवारी काकांनी निरोप पाठवला. त्यांच्याकडे एका जुन्या टाइमपीसमधला छर्रा आणि स्प्रिंग निघालीय, बसवून बघतो म्हणतात. सगळ्या आकड्यांना खाचा पाडणं जमणार नाही, एकच पाडीन, कुठे पाडू ते सांग. मी डब्यातून लेन्स काढली, रबर सोडून खिशात ठेवला आणि १.४च्या खुणेवर पेन्सिलीने टिंब करून लेन्स त्यांच्याकडे देऊन आलो. चतुर्थीच्या आधी देतो म्हणालेत.