डोक्याला मुका मार आणि तीन मिनिटांचं ध्यान: ‘यूसीएलए माइंडफुल’ अ‍ॅप मुलांना कितपत चालतं?

कबड्डीत पकडीच्या वेळी डोकं आपटतं, क्लासहून येताना गाडी घसरते, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरून मुलगी पडते. सीटी स्कॅन नॉर्मल येतो. डॉक्टर सांगतात, ‘कन्कशन आहे, मुका मार आहे, आराम करू द्या.’ मग घरी प्रश्न पडतो की आराम म्हणजे नेमकं काय करायचं. मुलाचं डोकं जड असतं, उजेड नको वाटतो, पुस्तक उघडलं की दहाव्या मिनिटाला चिडचिड होते, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. अशा वेळी कुणीतरी सुचवतं, ‘त्याला ध्यान लावून द्या मोबाइलवर.’ सूचना वाईट नाही. पण कुठलं ध्यान, किती वेळ आणि कसं बसून, यावर सगळं अवलंबून आहे.

इथे ‘यूसीएलए माइंडफुल’ हे अ‍ॅप पाहू. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या माइंडफुलनेस केंद्राचं हे अ‍ॅप मोफत आहे. आवाज साधा आहे आणि काही ध्वनिमुद्रणं अगदी छोटी आहेत. निवाडा आधीच सांगतो: दहा वर्षांपुढच्या मुलांना यातली दोन-तीन ध्वनिमुद्रणं खूप कामाची आहेत, पण जशीच्या तशी नाहीत. हे अ‍ॅप कन्कशनसाठी बनवलेलं नाही, त्यामुळे आवश्यक फेरफार घरच्यांनाच करावे लागतात.

ध्यानाने काय होतं आणि काय होत नाही, हे आधी स्पष्ट असू द्या. सीटीत रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं. कन्कशनमध्ये बिघाड मेंदूच्या पेशींच्या कामकाजात असतो आणि तो सीटीत दिसत नाही. हा बिघाड ध्यानाने लवकर भरून येतो असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. ध्यान कामाला येतं ते वेगळ्या जागी. डोकं दुखतं म्हणून मुलगा घाबरतो, घाबरला की मान आणि खांदे आवळतो, झोप जाते, आणि सकाळी डोकं आणखी दुखतं. हे चक्र ढिलं करायला ध्यानाचा हात लागतो. याबाबतचे अभ्यास छोटे आहेत, पण थकवा आणि मन खचणं यांत फरक पडतो असं त्यांत दिसतं. पोराला आठवडाभर अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲम्स्टरडॅमला क्रीडा-कन्कशनवर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिचं निवेदनही हेच सांगतं: पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती आणि कमीत कमी स्क्रीन, त्यानंतर हळूहळू हालचाल.

म्हणून पहिले दोन दिवस अ‍ॅप उघडूच नका. तिसऱ्या दिवसापासून ३ मिनिटांचं बॉडी स्कॅन घ्या, म्हणजे शरीराच्या एकेका भागाकडे क्रमाने लक्ष नेण्याचं ध्यान. यातली सर्वांत चांगली गोष्ट हीच आहे. क्रम असा: आधी बसल्या जागी शरीराचं वजन जाणवून घ्यायचं, मग काही दीर्घ श्वास, मग लक्ष पावलांकडे, तिथून पाय, पाठ, पोट, हात, खांदे, मान असं वर चढत शेवटी जबडा आणि चेहरा. सुरुवात पावलांपासून होते हे मुक्या मारात फारच उपयोगी आहे, कारण पाऊल डोक्यापासून सर्वांत लांब. चप्पल काढून शहाबादी फरशीवर पाय टेकले की टाचेला गारवा लागतो. बारा वर्षांच्या मुलाला ‘श्वासावर लक्ष दे’ यापेक्षा ‘फरशी गार लागते का बघ’ हे लगेच कळतं.

पण यात तीन ठिकाणी बदल करावाच लागतो.

पहिला बदल डोळ्यांचा. सोयीचं वाटलं तर डोळे मिटा, असं आवाज सुचवतो. मुक्या मारानंतर बऱ्याच मुलांना डोळे मिटताच गरगरतं. तोल सांभाळायला मेंदू डोळे, आतला कान आणि सांधे या तिघांचा मेळ घालतो. हा मेळ बिघडलेला असताना डोळ्यांचा आधारही काढून घेतला की चक्कर येणारच. म्हणून पाठ टेकेल अशा खुर्चीवर बसवा, चार-पाच फुटांवर फरशीचा एक सांधा ठरवा आणि नजर तिथेच सैल ठेवायला सांगा.

दुसरा बदल श्वासाचा. दीर्घ श्वास म्हटलं की मुलं छाती फुगवून भराभर सात-आठ ओढतात. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, गरगरल्यासारखं होतं आणि ओठांना मुंग्या येतात. मग मुलगा म्हणतो, ‘ध्यानानेच चक्कर आली.’ आधीच सांगून ठेवा: दोनच श्वास, नाकाने, नेहमीपेक्षा थोडेच सावकाश. त्यापुढे श्वास आपोआप चालू दे.

तिसरा बदल शेवटचा. आवाज मानेकडून जबड्याकडे आणि चेहऱ्याकडे निघाला की डोकेदुखी असलेल्या मुलाचं लक्ष नेमकं दुखऱ्या जागी जातं आणि दुखणं मोठं वाटू लागतं. आवाज खांद्यांपर्यंत आला की शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाने मुलाच्या गुडघ्याला हलका हात लावायचा. ती खूण झाली की मुलाने परत पावलांकडे यायचं. ही खूण आधीच ठरवून घ्या, मधेच बोलून सांगू नका.

५ मिनिटांचं श्वासाचं ध्वनिमुद्रण साधारण दुसऱ्या आठवड्यात घ्यावं, पोटावर हात ठेवून. शरीर आणि आवाज यांवरचं आणखी एक ३ मिनिटांचं आहे. त्यात आजूबाजूचे आवाज ऐकायचे असतात. आवाज सहन न होणाऱ्या मुलाला, त्यातही मे महिन्यात कूलरच्या घरघरीत, ते लावणं म्हणजे त्रासाला आमंत्रण. आवाजाचा त्रास ओसरला की पहाटे ओट्यावर बसून घ्यायला मात्र ते चांगलं. कठीण भावनांना सामोरं जाण्याचं ७ मिनिटांचं ध्वनिमुद्रण गाडीच्या अपघातातल्या मुलांना देऊ नका. ज्याला डोळ्यांपुढे अपघात दिसतो, त्याला समुपदेशकाशिवाय तिकडे नेणं योग्य नाही. झोपेचं बॉडी स्कॅन बारा-तेरा मिनिटांचं आहे. ते रात्री, उशी घेऊन, आवाज अगदी बारीक ठेवून लावावं. मधेच झोप लागली तरी काही बिघडत नाही. दुपारी लावू नका, नाहीतर दोन तास झोप होईल आणि रात्रीची जाईल. १९ मिनिटांचं संपूर्ण मार्गदर्शन शाळेचा पूर्ण दिवस त्रासाशिवाय निघेपर्यंत बाजूला ठेवा.

अ‍ॅपची खरी उणीव म्हणजे मराठी नाही. मुख्य ध्वनिमुद्रणं इंग्रजीत आहेत, काही हिंदीतही मिळतात. ही उणीव किरकोळ नाही. शिणलेल्या मेंदूला परकी भाषा समजून घेणं हेच एक काम होऊन बसतं, आणि इंग्रजीची सवय नसलेला मुलगा ध्यान सोडून शब्दांचे अर्थ लावत राहतो. दुसरी उणीव म्हणजे ध्वनिमुद्रण शोधायला स्क्रीन लागतेच. ते काम पालकांनी करावं, फोन पालथा ठेवावा, इअरफोन न देता बारीक स्पीकरवर लावावं.

पहिल्या आठवड्यात तर अ‍ॅपपेक्षा आईचा किंवा आजीचा आवाज सरस. घरात अहिराणी चालत असेल तर अहिराणीतच सांगा. मजकूर एवढाच पुरे: ‘पाय फरशीवर टेकव. टाच कुठे टेकली ते बघ. बोटं बघ. खुर्चीवर पडलेलं वजन बघ. हात मांडीवर आहेत, ते गरम की गार? मन दुसरीकडे गेलं तर जाऊ दे, परत टाचेकडे ये.’ प्रत्येक वाक्यानंतर मनात पाच अंक मोजा. तीन-चारदा म्हटलं की तीनेक मिनिटं होतात. दिवसातून दोन वेळा, शक्यतो अभ्यासाच्या वीस-वीस मिनिटांच्या दोन तुकड्यांच्या मधे.

नोंद ठेवल्याशिवाय हे करू नका, कारण अ‍ॅप ती ठेवत नाही. बसण्याआधी आणि नंतर त्रासाला ० ते १० पैकी अंक विचारा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. अंक दोनपेक्षा जास्त वाढला, किंवा वाढलेला त्रास तासाभरात उतरला नाही, तर दुसऱ्या दिवशी वेळ निम्मी करा. जळगावच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडल्यानेही डोकं दुखतं, तेव्हा अंक लिहिण्याआधी पाणी प्यायला द्या.

बऱ्याच घरांत ध्यान म्हणजे कपालभाती, भस्त्रिका किंवा श्वास रोखून धरणं असा समज आहे. डॉक्टर हो म्हणेपर्यंत हे तिन्ही बंद. सर्वांगासन, शीर्षासन, सूर्यनमस्कारही बंद, कारण डोकं खाली गेलं की ठणका वाढतो. आणि पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, जागं न होणं, बोलण्यात गोंधळ, हातापायातली ताकद जाणं, नाका-कानातून पाण्यासारखं काही येणं, यातलं एकही दिसलं तर ध्यान-बिन काही नाही, थेट दवाखाना. चार आठवडे उलटूनही त्रास असेल तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा, अ‍ॅपवर वेळ काढू नका.

मैदानावर वाढलेल्या काही मुलांना खुर्चीत बसणंच शिक्षा वाटते. त्यांना जबरदस्तीने बसवू नका, चालू द्या. सकाळी ऊन चढायच्या आत, सपाट अंगणात, पाच मिनिटं. नजर समोर, पायांकडे नाही. टाच टेकली की मनात ‘टाच’, चवडा टेकला की ‘चवडा’, एवढंच. वळताना मान झटकन न फिरवता सगळं अंग सावकाश वळवायचं. केळीच्या बागेतल्या बांधावर मात्र इतक्यात नको. तिथे तोल सांभाळण्यातच डोकं शिणतं, आणि दुसऱ्यांदा पडला तर पहिल्यापेक्षा महागात जातं.