पडलेली चांदणी : आधी पुस्तक की आधी सिनेमा?

नील गेमनची ‘स्टारडस्ट’ ही कादंबरी मी साताऱ्यात ‘चार भिंती’ नावाच्या टेकडीवर बसून, तीन संध्याकाळी वाचून संपवली. मॅथ्यू वॉनचा 2007 चा सिनेमा नंतर घरी धाकट्या बहिणीसोबत पाहिला.

गोष्ट एकच. आकाशातून पडलेली चांदणी म्हणजे दगड नव्हे, पाय मोडलेली, चिडलेली मुलगी. सिनेमा पळतो, हसवतो. पुस्तकात जेमतेम येऊन जाणारं आकाशजहाज तिथे रॉबर्ट डी नीरोच्या कप्तानामुळे अख्खं प्रकरण होऊन बसतं, आणि ते मला मनापासून आवडलं.

पण शेवट! सिनेमात चांदणीच्या काळजामागे लागलेल्या चेटकिणीशी दणदणीत लढाई. पुस्तकात चेटकीण थकून समोर येते, तेव्हा चांदणी सांगते की माझं काळीज मी आधीच देऊन टाकलंय. तलवार नाही, काही नाही. पुढे ज्याला ते दिलं तो नायक म्हातारा होऊन मरतो, ती मात्र उरते. रात्री उंचावर जाऊन मुकाट्यानं आकाशाकडे बघते. सिनेमात दोघंही तारे होतात. बहिणीला तेच हवं होतं.

मला ती एकटी उभी असलेलीच आठवते. चार भिंतीवरून उतरताना मीही दोनदा वर पाहिलं होतं.

आधी पुस्तकच वाचा.