‘सेरेनेड’ क्वार्टेट: वादन उत्तम, श्रेय मात्र अपुरे

एफ मेजर या स्वरसप्तकातले हे स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांच्यासाठीची रचना, जगभर ज्या भागासाठी ऐकले जाते, तो दुसरा भाग, आंदान्ते कान्ताबिले (संथ आणि गायनासारखा), या ध्वनिमुद्रणात अतिशय सुंदर वाजला आहे. पहिले व्हायोलिन म्यूट लावून मऊ आवाजात सलग गात राहते आणि बाकीची तीन वाद्ये गज न वापरता तारा बोटांनी छेडून साथ करतात. एवढ्या साध्या रचनेत सारे काही साथीच्या समतोलावर अवलंबून असते, कारण पिझिकातो, म्हणजे तारांचे हे छेडणे, किंचित जोरात पडले तरी सूर झाकोळतो आणि फार हलके झाले तर त्याचा आधारच निघून जातो. इथे चेलोवादकाने प्रत्येक स्वराला पुरेशी आस ठेवली आहे.

मात्र आवरणावर निव्वळ ऑस्ट्रियन संगीतकार जोसेफ हायडनचे नाव छापणे मला पटत नाही. ओपस ३ (ओपस म्हणजे प्रकाशित रचनांचा क्रमांक) ची सहा क्वार्टेट, ज्यांतले हे पाचवे, १७७७ मध्ये पॅरिसच्या बायो या प्रकाशकाने हायडनच्या नावाने काढली आणि पुढे त्याचा शिष्य प्लेयेल याने ती आपल्या संग्रहात घेतल्यामुळे ते नाव पक्के झाले. १९६४ मध्ये ॲलन टायसन आणि एच. सी. रॉबिन्स लँडन या संगीत-अभ्यासकांनी दाखवून दिले, की पहिल्या दोन क्वार्टेटांच्या छपाईच्या पत्र्यांवर आधी होफ्स्टेटरचे नाव कोरलेले होते. रोमान होफ्स्टेटर हा आमोरबाखच्या मठातला बेनेडिक्टाइन साधू आणि हायडनच्या संगीताचा निस्सीम चाहता. हा पुरावा पाचव्या क्वार्टेटचा, म्हणजे याचा नाही, हे खरे. पण हायडनने स्वतः ठेवलेल्या रचनांच्या जुन्या यादीतही ही सहा क्वार्टेट नाहीत आणि माझ्या कानाची साक्षही होफ्स्टेटरच्याच बाजूची आहे. १७७२ च्या ओपस २० मध्ये हायडन चेलोच्या हाती मुख्य सूर देतो, चारही वाद्यांना बोलते करतो. इथे पहिल्या व्हायोलिनशिवाय कोणाला फारसे काही सांगायचेच नसते. सूर इतका गोड आहे, की ही उणीव आंदान्तेत जाणवत नाही, प्रेस्तो या पहिल्या, जलद भागात मात्र जाणवते आणि वादकांनी घेतलेल्या अतिवेगाने ती आणखी उघडी पडते.

मिन्युएट, म्हणजे नृत्याच्या चालीचा तिसरा भाग, नीटस वाजला आहे. स्केर्त्सान्दो या शेवटच्या भागात चौघांचा मेळ पुन्हा जमतो आणि त्यातला खेळकरपणा त्यांनी कुठेही ठाशीव होऊ दिलेला नाही. केवळ आंदान्ते ऐकून थांबणाऱ्यांनी निदान हा भाग तरी जरूर ऐकावा, आणि पुढच्या आवृत्तीत प्रकाशकांनी आवरणावर होफ्स्टेटरचे नाव छापावे.